ताफ्यातल्या गाड्यांची ठरलेली तपासणी: गाडी उभी करायचा अधिकार कुणाकडे?

अंबड_ते_भिवंडी

नमस्कार मंडळी. आमचा नाशिकला वाहतुकीचा धंदा आहे, वडिलांनी सुरू केलेला. अंबड आणि सातपूर एमआयडीसीतून भिवंडीच्या गोदामांना माल जातो, म्हणजे कसारा घाट रोजचाच. ट्रकांबरोबर कारखान्यांच्या शिफ्टसाठी काही स्टाफ बसही आहेत. निम्म्या गाड्या बीएस४, बाकीच्या २०२० नंतरच्या बीएस६.

सर्व्हिसिंग वेळेवर होतं, पासिंग वेळेवर होतं, कागद सगळे जागच्या जागी. तरीही गाड्या रस्त्यात उभ्या राहतात, आणि बहुतेक वेळा कारण असं निघतं की ते आधी दिसायला हवं होतं. अलीकडचंच सांगतो. एका ट्रकच्या मागच्या पाट्याचा (लोखंडी पानांच्या स्प्रिंगचा) सेंटर बोल्ट, म्हणजे पानं एकत्र धरणारा बोल्ट, तुटला आणि एक्सल सरकला. नशीब, गाडी सपाटीवर होती, घाटात नव्हती. मेस्त्रींनी पाटा उतरवला तेव्हा बोल्टच्या तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग गंजून काळा पडलेला आणि अर्धा चकाकता होता. म्हणजे तडा जुनाच, त्या दिवशी फक्त उरलेला भाग सुटला.

मला आता प्रत्येक गाडीची ठरलेल्या तारखेला तपासणी बसवायची आहे, बिघाड असो वा नसो. किलोमीटरवर ठरवू की दिवसांवर? तपासणारा माणूस आपला असावा की बाहेरचा? आणि ड्रायव्हर लोक काही लिहून देत नाहीत, त्यांच्याकडून तक्रार कशी काढून घ्यायची? ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

तेरा_नंबर_पाना

सेंटर बोल्ट आपल्या मनाने तुटत नाही. पाटा एक्सलला बांधणारे यू-बोल्ट ढिले झाले की पाट्यांचा गठ्ठा एक्सलवर हलायला लागतो आणि सगळा ताण त्या बारक्या बोल्टवर येतो. नवे पाटे भरून यू-बोल्ट आवळले तरी गाडी लोड घेऊन गेली की पाटे दबून बसतात आणि यू-बोल्ट पुन्हा सैल पडतात. म्हणून पाट्याचं काम झालं की पहिल्या भरलेल्या खेपेनंतर ते परत आवळायचे असतात. त्या दुसऱ्या आवळणीचं बिल कुणी करत नाही, म्हणून ती होत नाही.

तुमची अडचण मला इथेच दिसते. सर्व्हिस म्हणजे ऑइल-फिल्टर बदलणं. तपासणी हे वेगळं काम आहे, ते सर्व्हिसला बांधून ठेवू नका. आता मोठ्या बीएस६ ट्रकांना ऑइल बदलायचं अंतर ४०,००० किमी आणि काहींना त्याहूनही जास्त मिळतं. मालकाला बरं वाटतं. पण त्याचा दुसरा अर्थ असा, की तेवढे किलोमीटर गाडीच्या खाली कुणी जातच नाही. आधी ऑइलच्या निमित्ताने गाडी वरचेवर रॅम्पवर यायची. ग्रीस मारता मारता पोऱ्याला फाटलेला रबरी बूट दिसायचा, प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसमधला (सांध्यातला) खेळ हाताला लागायचा, पाट्याचं तुटलेलं पान दिसायचं. ते निमित्त गेलं.

ब्रेकचं जरा खोलात सांगतो, कारण तुमचा घाट आहे. गाडी सपाट जागी घ्यायची, चाकांना गुटके लावायचे, हवा पूर्ण भरू द्यायची आणि मगच हँडब्रेक सोडायचा. ब्रेक चेंबरच्या (हवेने दांडा ढकलणाऱ्या डब्याच्या) तोंडाशी जिथे दांडा बाहेर येतो तिथे खडूने रेघ मारायची. केबिनमधल्या माणसाने पायब्रेक पूर्ण दाबून धरायचा आणि खालच्याने ती रेघ किती पुढे आली ते पट्टीने मोजायचं. हे प्रत्येक चाकाला. कंपनीच्या पुस्तकात चेंबरच्या मापाप्रमाणे आकडा दिलेला असतो, तो रॅम्पजवळच्या भिंतीवर रंगवून घ्या म्हणजे कुणी अंदाजाने बोलणार नाही. एका एक्सलच्या डाव्या-उजव्या चाकांत फरक असेल तर तो आकड्याइतकाच वाईट, ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते.

स्लॅक म्हणजे दांड्याला जोडलेला, ब्रेकचं अंतर जुळवणारा भाग. साध्या स्लॅकला ॲडजस्ट करून काम होतं. ऑटो स्लॅक असेल तर पाना लावून दांडा कमी करायचा आणि गाडी सोडून द्यायची ही पद्धत बंद करा. ऑटो स्लॅक स्वतः जुळवून घेत नसेल तर त्याला कारण असतं: पिन झिजलेली, कॅमचा बुश गेलेला, नाहीतर स्लॅकच खराब. पान्याने तात्पुरता आकडा बसतो आणि थोड्याच दिवसांत दांडा पुन्हा लांबतो, तोही घाटात.

मग हवेच्या टाक्या. खालची खटकी ओढली की नुसती हवा यायला पाहिजे. पाणी आलं तर हवा कोरडी करणाऱ्या ड्रायरचं काडतूस संपलंय. दुधासारखं किंवा काळं तेलकट आलं तर कॉम्प्रेसर तेल फेकतोय. इंजिन बंद करून पायब्रेक दाबून धरा आणि काट्याकडे बघा. काटा डोळ्यांदेखत उतरत असेल तर गळती शोधल्याशिवाय गाडी हलवायची नाही. आवाज सापडत नसेल तर साबणाचं पाणी.

ब्रेकचे लायनर बघताना नुसती जाडी बघू नका, हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) सीलमधून तेल पाझरून लायनर ओला झालाय का ते बघा. तेल प्यालेला लायनर जाड दिसतो आणि धरत नाही.

एकट्याचा_ट्रक

पानावाले, तुमचं सगळं मान्य. पण हे लिहिणारे बहुतेक पगारी किंवा मोठ्या ताफ्याचे असतात. माझा एक ट्रक, हप्ता दर महिन्याला ठरलेल्या तारखेला जातो. गाडी एक दिवस उभी राहिली तर भाडं गेलं, वर पार्टी दुसऱ्या गाडीला माल देते आणि पुढच्या वेळी फोनच करत नाही. गोदामावर खाली व्हायला दोन-दोन दिवस लागतात, त्याचे पैसे कोणी देत नाही. अशात ठीक चालणारी गाडी मुद्दाम रॅम्पवर चढवायची हे ज्याला जमतं त्यालाच जमतं. शिवाय कागदावर टिका मारून तपासणी झाली म्हणणारे ताफे मी भरपूर बघितलेत. गाडीखाली कोणी गेलेलं नसतं.

निवृत्त_आगारकर

एकट्याचा_ट्रक यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही, पण आधी मूळ प्रश्नाला उत्तर देतो.

मी एसटीत कार्यशाळेच्या बाजूला नोकरी केली. तिथे गाडी रात्री आगारात आली की चालकाने तक्रार लिहून द्यायची, ती मेकॅनिकने बघायची, सकाळी गाडी सुटायच्या आधी निकाल लागलेला पाहिजे. त्याशिवाय ठरलेल्या अंतराने गाडी डॉकिंगला (आगारातल्या ठरलेल्या तपासणीला) घ्यायची, आणि पासिंगच्या वेळी विभागीय कार्यशाळेत पाठवायची. दर दहा हजार किलोमीटरमागे रस्त्यात किती गाड्या बंद पडल्या हा आकडा आगाराच्या डोक्यावर कायम असायचा. तुम्हीही तोच ठेवा. "या महिन्यात बऱ्याच गाड्या बंद पडल्या" यातून काही कळत नाही. दहा हजार किलोमीटरमागे किती, आणि त्यातल्या किती ब्रेकच्या, किती टायरच्या, किती विजेच्या, हे मांडलं की पुढच्या तपासणीत कुठे जास्त वेळ द्यायचा ते आपोआप ठरतं.

किलोमीटर की दिवस? दोन्ही, जे आधी येईल ते. तुमच्याच गाड्यांचा हिशेब करा. नाशिक-भिवंडी जाऊन-येऊन साधारण तीनशे किलोमीटर. रोज खेप झाली तर ट्रक महिन्याला सात-आठ हजार किलोमीटर चालतो. स्टाफ बस मात्र दिवसाला साठ किलोमीटर चालत असेल तर महिन्याला दीड हजारच्या आसपास. दोघांना १०,००० किलोमीटरची एकच अट लावली तर ट्रक महिना-सव्वा महिन्याने येईल आणि बस सहा महिन्यांनी. पण बसचा ब्रेक शहरात दर सिग्नलला लागतो, दार दिवसातून शेकडो वेळा उघडतं, इंजिन उभ्या-उभ्या तासन् तास चालतं. किलोमीटर कमी म्हणून तिची झीज कमी, हे गणित खोटं आहे.

जी गाडी चालतच नाही तिलाही तारीख लावा. २०२१-२२ च्या संपात एसटीच्या गाड्या महिनोन् महिने उभ्या होत्या. उभ्या गाडीच्या बॅटऱ्या उतरतात, टायर एकाच जागी दबतात, ब्रेक ड्रमला गंज धरतो, उंदीर वायरी कुरतडतात. ती गाडी थेट मार्गावर सोडायची नसते.

आता कायद्याचं. फिटनेसचा दाखला नव्या व्यावसायिक गाडीला पहिली दोन वर्षं, मग आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, आणि त्यानंतर दर वर्षी. म्हणजे आठ वर्षांपर्यंत सरकार तुमची गाडी दोन वर्षांत एकदा बघतं. मधल्या काळात तुमचा ट्रक पावणेदोन लाखांच्या आसपास किलोमीटर जाऊन आलेला असतो. पासिंग झालं म्हणजे गाडी ठीक, असं मानणाऱ्या मालकांनी मोटार वाहन कायद्यातलं कलम १९० वाचावं. गाडीत धोकादायक दोष आहे हे माहीत असताना, *किंवा साधी काळजी घेतली असती तर तो कळला असता* अशा स्थितीत, गाडी रस्त्यावर चालवू दिली तर तो गुन्हा आहे. "मला माहीत नव्हतं" एवढ्याने सुटका नाही. बघितलं का नाही, हा प्रश्न मालकालाच विचारला जातो.

समृद्धी_चालक

मी ड्रायव्हर आहे, मालक नाही. नागपूर-मुंबई करतो. ड्रायव्हर लिहून का देत नाही ते मी सांगतो.

लिहून दिलं की पहिला सवाल, "तुझ्याच हातात कशी खराब झाली?" दुसरा सवाल, "बाकीचे चालवतात, तुलाच काय त्रास?" गाडी उभी राहिली तर त्या दिवसाचा भत्ता जातो, तो ड्रायव्हरचा जातो. एक-दोनदा असं झालं की माणूस बोलायचं बंद करतो. स्टेअरिंग जड झालंय, ब्रेक खाली गेलाय, मागनं खडखड येतेय, हे सगळं आम्हाला सगळ्यात आधी कळतं. सांगितल्यावर नुकसान आपलंच होणार असेल तर सांगणार कोण?

आमच्या सध्याच्या मालकाने एक गोष्ट चांगली केली. तक्रारीमुळे गाडी उभी राहिली तर त्या दिवसाचा भत्ता कापत नाहीत. आणि तक्रार लिहिली की तिच्यासमोर काय केलं ते मेस्त्री लिहितो, गाडी घेताना मी वाचून सही करतो. "काही आढळलं नाही" असं लिहिलं तरी चालतं, पण लिहायला लागतं. पूर्वी वहीत तीच तक्रार चार-चार वेळा असायची आणि समोरची जागा कोरी.

टायरचं पण सांगतो. समृद्धीवर सिमेंटचा सरळ रस्ता, विदर्भातला उन्हाळा, तासन् तास एकच वेग. घासलेले टायर किंवा हवा कमी असलेला जोडीचा टायर तिथे टिकत नाही. सुरुवातीच्या अपघातांनंतर आरटीओवाले महामार्गावर चढण्याआधी टायर बघायला लागले होते. कायद्याने नक्षी किमान १.६ मिलिमीटर पाहिजे, पण पावसाळ्यात तेवढ्यावर मी तरी भरलेली गाडी नेणार नाही. जोडीच्या टायरात आतल्याची हवा कोणी बघत नाही, कारण व्हॉल्व्हपर्यंत हात पोचत नाही. टॉमीने (लोखंडी दांड्याने) ठोकून आवाजावरून ठरवतात. ठोकल्याने सपाट टायर कळतो, कमी हवेचा कळत नाही. गेज लावायचा, तोही सकाळी गाडी थंड असताना. गरम टायरची वाढलेली हवा बघून काढून टाकणारे लोक आहेत, ते तर सगळ्यात धोक्याचं.

एकट्याचा_ट्रक

ड्रायव्हरभाऊ, भत्त्याचं बरोबर बोललात. मी स्वतःच चालवतो, मला भत्ता कोण देणार हा भाग वेगळा.

मिडलँड्स_मराठी

मी मूळचा सांगलीचा, इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळ मालवाहू गाड्यांच्या कार्यशाळेत आहे. इथली पद्धत सांगतो, कारण 'कागदावर टिका' हा मुद्दा वर आलाय.

इथे मालवाहू ताफा चालवायला ऑपरेटरचा परवाना लागतो. परवाना घेतानाच गाड्या किती आठवड्यांनी तपासणार ते लिहून द्यावं लागतं, आणि पुढे ते पाळलं नाही तर परवान्यावरच येतं. साधारणपणे जास्तीत जास्त तेरा आठवडे. गाडी बारा वर्षांची झाली की सहा आठवड्यांच्या वर जाता येत नाही. आमच्या जड कामाच्या गाड्या तर सहा आठवड्यांनीच येतात. तपासणीचे आणि दुरुस्तीचे कागद किमान पंधरा महिने ठेवायचे असतात. वार्षिक सरकारी चाचणी वेगळी, ती यात धरत नाहीत.

पण माझ्या मते खरी ताकद ड्रायव्हरच्या रोजच्या फेरीत आहे. गाडी काढण्यापूर्वी भोवती फिरून बघायचं: दिवे, टायर, नट, गळती, आरसे, ब्रेकची हवा. दोष असेल तर लिहायचा, आणि गंभीर असेल तर गाडी हलत नाही. तिथे ट्रॅफिक मॅनेजरचं चालत नाही. गाडी सोडायची की नाही हे कार्यशाळा ठरवते, आणि माल कसा पोचवायचा हे ट्रॅफिकवाले बघतात. तुमच्या प्रश्नांच्या यादीत हे नव्हतं, पण सगळं यावर येऊन थांबतं: तुमच्याकडे "ही गाडी आज जाणार नाही" असं म्हणण्याचा अधिकार कुणाला आहे? ज्याला भाड्याचा फोन येतो त्यालाच तो अधिकार असेल तर तुमची तपासणी महिन्याभरात कागदावरच राहील.

चाकांच्या नटाबद्दल एक गोष्ट. चाक बसवल्यावर टॉर्क पाना लावून ठरलेल्या मापाला आवळायचं, आणि गाडी ४० ते ८० किलोमीटर चालल्यावर परत पाना लावायचा. गाडी चालणार नसेल तर किमान अर्धा तास तशीच उभी ठेवून. नटाभोवती गंजाच्या रेघा बाहेरच्या बाजूला पसरलेल्या दिसल्या तर नट हलतोय समजा. रिमच्या बसण्याच्या जागी रंगाचा जाड थर असेल तरी नट काही दिवसांनी सैल पडतो, कारण रंग दबतो. नट सैल करून परत घट्ट करणाऱ्या लांब पाइपवाल्या पान्याने माप कळत नाही, उलट स्टड ताणून तुटतो.

शाळाबस_ताई

मी शाळेच्या बसचा छोटा ताफा बघते, पुण्यात. आमच्यासाठी मोठी तपासणी मे महिन्यात, कारण जूनमध्ये पाऊस आणि शाळा एकदमच सुरू होतात. महाराष्ट्रात स्कूल बससाठी २०११ ची वेगळी नियमावली आहे, त्यातल्या गोष्टी पासिंगला बघतातच. पण मला इथे एकाच गोष्टीबद्दल कळकळीने लिहायचंय, ती म्हणजे आपत्कालीन दार.

दार आहे, त्यावर लाल अक्षरात लिहिलेलंही आहे, आणि ते उघडत नाही. कारण वर्षभर कुणी उघडलेलंच नसतं. पावसाचं पाणी बिजागरीत जातं, गंज धरतो, रंगाचा नवा हात मारला की कडा चिकटतात. कधी मागच्या बाकाची चौकट दाराच्या वाटेत आलेली असते. आमच्याकडे दर सोमवारी गाडी सुटायच्या आधी बसताई, म्हणजे बसमधली मदतनीस बाई, ते दार स्वतः आतून उघडते. ड्रायव्हरने उघडून चालत नाही, कारण त्याच्या हातात जोर असतो. जे दार तिला एका हाताने उघडत नाही ते मुलांना उघडणार नाही, त्या दिवशी ती बस जात नाही. अग्निशामक नळकांड्याचा काटा हिरव्यात आहे ना, आणि ते कडीतून पटकन निघतं ना, हेही तीच बघते. काही ठिकाणी ते चोरीला जाऊ नये म्हणून तारेने बांधून ठेवतात. असं बांधलेलं नळकांडं आगीच्या वेळी काय कामाचं?

स्टाफ बसलाही हे सगळं लागू आहे, अंबडवाले दादा. तुमच्या बसमधली माणसं रात्रपाळी करून झोपलेली असतात.

अंबड_ते_भिवंडी

ताई, उद्याच सगळ्या बसची दारं उघडून बघतो. खरंच आभार.

मिडलँड्सवाल्या दादांचा प्रश्न नेमका वर्मावर बसलाय. आमच्याकडे गाडी पाठवायची की नाही हे काका ठरवतात, आणि पार्टीचे फोनही त्यांनाच येतात. मेस्त्री काय ते सांगतात, पण शेवटी "आजची खेप होऊ दे, उद्या बघू" असंच होतं.

बीएस६ गाड्यांना या तपासणीत वेगळं काय बघायचं?

नोझल_आणि_सेन्सर

बीएस६ चं थोडक्यात. डेफ, म्हणजे धूर स्वच्छ करणारं ३२.५ टक्के युरियाचं द्रावण, हे स्वच्छ भांड्यातूनच भरायचं. डिझेलचं नरसाळं त्याला लावायचं नाही, थोडं डिझेल गेलं तरी पंप आणि डोसिंगचं (डेफ फवारणाऱ्या भागाचं) महागडं काम निघतं. टाकीच्या झाकणाभोवती पांढरे खडे जमले असतील तर गळती आहे.

डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. त्यातली काजळी जाळून तो साफ होण्याची क्रिया सुरू असताना ड्रायव्हर गाडी बंद करतात, कारण थांबा आला. स्टाफ बसमध्ये हे फार होतं. छोटी फेरी, कमी वेग, फिल्टर कधी पुरेसा तापतच नाही. मग दिवा लागतो, ताकद कमी होते, गाडी रांगायला लागते. ठरलेल्या तपासणीत स्कॅनर लावून काजळी किती भरलीय ते बघा, दिवा लागायची वाट बघू नका. ऑइल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच वापरा. जुन्या गाड्यांचा डबा उरलाय म्हणून तोच ओतला तर त्यातली राख फिल्टरमध्ये बसते, आणि ती काजळीसारखी जळून जात नाही.

स्कॅनरवर दिसणारे बिघाडाचे जुने कोड पुसून गाडी सोडणारे मेकॅनिक टाळा. आधी कोड लिहून घ्या, मग पुसा.

डिचोलीकर

आम्ही गोव्याचे, खनिजाच्या टिप्परवाले. २०१२ ला खाणी बंद पडल्या, नंतर २०१८ ला परत. त्या काळात आमच्या कितीतरी गाड्या अंगणात उभ्या राहून कुजल्या, त्यामुळे आगारकर काकांनी उभ्या गाडीबद्दल लिहिलं ते अगदी पटलं.

मला एअर फिल्टरवर सांगायचं आहे. आमच्याकडे लाल धूळ पिठासारखी बारीक. फिल्टर काढला की पोरं बाहेरून कॉम्प्रेसरची हवा मारतात, म्हणजे धूळ कागदात आणखी आत ठोकतात. मारायचीच तर आतून बाहेर, कमी दाबाने, आणि नोझल लांब धरून. फिल्टरच्या आत बॅटरी घालून अंधारात बघा, उजेडाचा ठिपका दिसला तर तो फिल्टर फेकून द्यायचा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फिल्टरनंतरची रबरी नळी. ती काढून आतून बोट फिरवा. बोटाला लाल लागलं तर धूळ इंजिनात जातेय, मग फिल्टर कितीही नवा असू दे. क्लिप ढिली असते नाहीतर नळीला खालच्या बाजूने चीर असते, वरून दिसत नाही. असं एखादा महिना चाललं की इंजिन तेल प्यायला लागतं, आणि मालक तेलाला दोष देतो.

टिप्पर असेल तर हौदा वर उचलून खाली काम करताना लोखंडी आधार लावल्याशिवाय कुणालाही आत जाऊ देऊ नका. नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर माणूस खाली पाठवायचा नाही.

एकट्याचा_ट्रक

हे सगळं वाचून एक प्रामाणिक प्रश्न. समजा मला गाडी उभी करणं परवडत नाही. तरी काय करता येईल?

समृद्धी_चालक

दादा, गोदामावर दोन-दोन दिवस जातात म्हणालात ना, तोच वेळ आहे. भिवंडीत रांगेत उभी असलेली गाडी म्हणजे बिनभाड्याची तपासणी. टाक्यांची हवा काढून बघा, नटांवर पाना फिरवा, आतल्या टायरला गेज लावा, पाट्याची पानं मोजा, खाली वाकून गळती बघा. घाट उतरून पोचलात की लगेच प्रत्येक चाकाच्या हबजवळ हाताची मागची बाजू न्या, टेकवायची नाही, नुसती जवळ. सगळी सारखी गरम असतील तर ठीक. एकच जास्त गरम असेल तर तिथे ब्रेक चिकटतोय नाहीतर बेअरिंग जातंय. एकच थंड असेल तर ते चाक ब्रेकच धरत नाहीये, आणि त्याचा भार बाकीची चाकं ओढताहेत. ह्याला रॅम्प लागत नाही.

आणि उतारावर न्यूट्रल नको. पुण्यातल्या नवले पुलाच्या उतारावर पोलीस वर्षानुवर्षं हेच सांगत आलेत, तरी लोक डिझेल वाचवायला गाडी सोडून देतात. २०२२ च्या नोव्हेंबरात तिथे एका जड गाडीने किती गाड्या ठोकल्या ते सगळ्यांनी बघितलं. इंजिन बंद केलं तर हवाही भरायची थांबते. मालकाने ॲव्हरेजवर बक्षीस लावलं असेल तर ते कशातून वाचतंय तेही मालकाने विचारावं. एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिननेच गाडी रोखणारा) चालू आहे का, हे तपासणीच्या यादीत घाला. कितीतरी गाड्यांत तो बंद पडून वर्षं झालेली असतात.

तेरा_नंबर_पाना

हबच्या उष्णतेचं एक नंबर. पाचपन्नास गाड्या असलेल्यांनी इन्फ्रारेड गन घ्यावी, फार महाग नाही, आणि आकडे वहीत लिहिता येतात.

एकट्याचा_ट्रक, दोन खेपांच्या मध्ये अर्धा दिवस काढून निदान ब्रेकचे दांडे आणि लायनर बघून घ्या, ते गोदामाच्या रांगेत नीट होत नाही. एकटे असाल तर दुसऱ्या ट्रकवाल्याला पायब्रेक दाबायला बसवा, मग त्याच्या गाडीखाली तुम्ही जा.

अंबडवाले, बाहेरचा की आपला हे राहिलंच. रोजचं आणि महिन्याचं आपल्या मेस्त्रीने करावं, त्याला गाडीचा इतिहास माहीत असतो. पण वर्षातून दोनदा, पावसाच्या आधी आणि दिवाळीनंतर, बाहेरच्या माणसाकडून बघून घ्या. एकच माणूस रोज तीच गाडी बघत असेल तर त्याच्या डोळ्याला तीच चीर सवयीची होते.

अंबड_ते_भिवंडी

काल रात्री वडील, काका आणि मेस्त्री एकत्र बसलो, हा धागा वाचून दाखवला. कलम १९० चं ऐकून वडील बराच वेळ गप्प होते. मग ठरलं ते असं.

ट्रकांना पाच आठवडे किंवा ८,००० किलोमीटर, बसला पाच आठवडे, किलोमीटर काही असोत. रोज एकच गाडी रॅम्पवर, म्हणजे धंद्यातून एकाच वेळी जास्त गाड्या निघणार नाहीत. तारखा काकांच्या टेबलामागच्या फळ्यावर आत्ताच लिहिल्या, कारण खेपा तेच लावतात आणि त्यांना आधी दिसलं पाहिजे. तपासणीसाठी उभ्या गाडीच्या ड्रायव्हरला भत्ता मिळणार. तक्रारीची वही पार्किंगच्या फाटकावर, समोर मेस्त्रींची जागा, मग ड्रायव्हरची सही.

किल्ल्यांवर थोडा वाद झाला. शेवटी असं झालं की मेस्त्रींनी उभी केलेल्या गाडीची किल्ली मेस्त्रींच्याच कपाटात राहील. काकांना ती गाडी हवी असेल तर त्यांनी वडिलांना फोन करायचा आणि वडिलांनी वहीत स्वतः लिहून सही करायची. काका नाराज आहेत, पण हो म्हणालेत.

समृद्धी_चालक

चांगलं केलंत. एक भोक राहिलंय. रात्री अकराला येणाऱ्या गाडीची तक्रार वहीत गेली, मेस्त्री सकाळी नऊला येणार, आणि गाडी पहाटे पाचला सुटणार असेल तर?

अंबड_ते_भिवंडी

हे खरंच सुटलं होतं. आत्ता मेस्त्रींना विचारलं. ब्रेक, स्टेअरिंग, टायर, चाकाचे नट यांपैकी काहीही वहीत आलं तर किल्ली वॉचमनने ठेवून घ्यायची आणि मेस्त्रींना फोन करायचा, कितीही वाजले तरी. पहाटेच्या शिफ्टची बस असेल तर जादा बस पाठवायची, ती आम्ही आता रोज मोकळी ठेवतोय. बाकीच्या तक्रारी सकाळी. वॉचमन काकांना वही वाचता येते, पण लिहिलेलं लगेच कळावं म्हणून त्या चार गोष्टींसाठी वहीत पानाच्या वरच चार चौकोन छापून घेतोय, ड्रायव्हरने फक्त खूण करायची.

निवृत्त_आगारकर

खुणेशेजारी वेळ लिहायची जागाही ठेवा. आणि त्या जादा बसलाही फळ्यावर तारीख लावा.